नाना पेठेतले फुलवाले अण्णा: आठवणी, आणि देवळातल्या तुळशीहाराचा प्रश्न

नानापेठी
पुण्यात नाना पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलांचं दुकान चालवणारे अण्णा गेल्या महिन्यात गेले. वय झालं होतं, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत गल्ल्यावर बसत होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, समोर ओलं तरट आणि त्यावर फुलांचे ढीग. घरच्यांच्या इच्छेमुळे नाव लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

इथे पेठांमध्ये वाढलेले आणि आता कोथरूडपासून अमेरिकेपर्यंत पांगलेले बरेच सभासद आहेत. आठवत असेल ते लिहा. थोरला मुलगा वाचणार आहे.

दुसरी गोष्ट मत विचारण्यापुरती. अण्णा गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात रोज तुळशीचा हार द्यायचे. मूर्तीच्या गळ्यापासून पायांपर्यंत पोचेल एवढा. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आता दुकान थोरला बघतो. देवळातली काही मंडळी म्हणतात, बापाची सेवा मुलानं पुढे चालवावी. मला हे पटत नाही. सेवा अण्णांनी आपखुशीनं केली, ती वारसाहक्कानं दुसऱ्याच्या डोक्यावर कशी ठेवता येईल? गल्लीनं वर्गणी काढून हार विकत घ्यावा असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

कोरांटी
बातमी वाचून बसले ती उठलेच नाही बराच वेळ. आमच्या वाड्यात त्यांची फुलपुडी यायची. उजाडायच्या आत कडीला अडकवलेली असायची, पानात बांधून दोऱ्याचे दोन वेढे दिलेली. सोमवारी बेल, मंगळवारी लाल फूल आणि दूर्वांची जुडी, गुरुवारी पिवळी शेवंती, शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं. वार कुठला ते आम्हा मुलांना कॅलेंडरच्या आधी पुडीवरून कळायचं.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा पूजा आईकडे आली. आईला नोकरी. तिनं अण्णांना सांगितलं की आता रोजची पुडी नको, सणावारी घेऊ. त्यांनी बरं म्हटलं. पण आजी असेपर्यंत कडीला सोनचाफ्याची दोन फुलं येत राहिली. महिन्याच्या हिशेबात त्यांचा उल्लेख नसायचा. आईनं विचारलं तर म्हणाले, "देवाची पुडी तुम्ही बंद केली, आजींची कुठे केली?"

हणम्या
शनिवारची रुईची माळ! मी आठवीत असताना गणिताच्या पेपरच्या आधी त्यांच्याकडून उधारीवर माळ नेली होती. पेपर अवघड गेला. तक्रार करायला गेलो तर अण्णा म्हणाले, "मारुतीनं अभ्यास केला असेल रे, तू केला होतास का?" वर उधारी माफ केली.

आडत्या
मी मार्केट यार्डात फूल बाजारात काम करतो, त्यामुळे मला अण्णा दुकानाच्या उलट्या बाजूने माहीत. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून.

आमच्याकडे माल पहाटे लागतो. पुरंदर, दौंड, हवेलीकडचा झेंडू, शेवंती, गुलछडी. मावळातल्या पॉलिहाऊसचा डच गुलाब वीस-वीसच्या गड्ड्यांत. थंडीत मोगऱ्याची कळी कमी होते आणि भाव आकाशाला भिडतो. या गडबडीत खरेदीदार काय करतात, तर डागात, म्हणजे मालाच्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून फुलं उपसतात. वरचा माल चांगला आणि खाली चिखल असं होतं कधी कधी, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे. पण शेवंती अशी उपसली की पाकळ्या गळतात आणि मागून येणारा तोच माल नाकारतो. अण्णा हात घालायचे नाहीत. डागाच्या तळाशी बाहेरून तळहात लावायचे. गरम लागला तर आत फूल तापलंय, थंडगार ओला लागला तर पाणी मारून वजन वाढवलंय. दोन्ही वेळा काही न बोलता पुढे जायचे. बाजारात त्यांचा हात बघून बाकीचे भाव ठरवायचे, एवढा त्या हाताचा दबदबा.

आणि दसरा. सकाळी झेंडूला जो भाव असतो त्याच्या आशेनं शेतकरी टेम्पो भरून येतो, आणि संध्याकाळी माल उरला की रस्त्याच्या कडेला ओतून रिकामा टेम्पो घेऊन जातो. पुण्यात हे चित्र बऱ्याच वर्षी दिसतं. अण्णा दसऱ्याच्या रात्री मुद्दाम यायचे आणि ओळखीच्या दोघा-तिघांचा उरलेला माल उचलायचे. पूर्ण भाव नाही द्यायचे, तेवढी ऐपत नव्हती. पण घरी जायचं डिझेल आणि तोडणीची मजुरी सुटेल एवढं द्यायचे. धंद्याच्या हिशेबानं तो तोटाच. मी एकदा तसं म्हणालो तर तोंडभर हसले फक्त.

बाराबंदी
मी सोलापूरकडचा, अण्णांना पाहिलेलं नाही. पण वाचताना आमच्या अरणच्या सावता महाराजांची आठवण झाली. माढा तालुक्यात अरण. सावतोबा मळ्यात राबले, "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" म्हणाले, आणि मळा सोडून देवाच्या मागे धावायची गरज त्यांना वाटली नाही. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांच्या पुण्यतिथीला मात्र पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. आषाढ वद्यात. कधी जमलं तर या बघायला.

दिवेघाट
@बाराबंदी, अगदी नेमकं बोललात. अण्णा आमच्या दिंडीतले, पण अर्ध्या दिवसाचे वारकरी!

पेठेबाहेरच्यांसाठी सांगतो. पालख्या पुण्यात येतात तेव्हा तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्कामाला असते. म्हणजे अण्णांच्या दुकानाला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नाही. पालख्या निघाल्या की हडपसरपर्यंत वाट एकच, तिथून माऊली सासवडकडे दिवे घाटानं आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. अण्णा दरवर्षी हडपसरपर्यंत चालत यायचे आणि गाडीतळावरून परत फिरायचे. मी एकदा फार आग्रह केला, निदान सासवडपर्यंत तरी चला. म्हणाले, "उद्याची गिऱ्हाइकं काय म्हणतील? त्यांच्या घरी देव नाही का?"

त्यांचा काकडाही असाच. कार्तिकात काकड आरतीची आणि बाजाराची वेळ एकच. मग मार्केट यार्डातून सायकलवर पोती लादून येणार, दुकानासमोर टाकणार आणि तसेच देवळात शिरणार. शेवटचे दोन अभंग मिळायचे. टाळ मात्र खणखणीत वाजवायचे.

गणिती
सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, पण वेगळा सूर लावतो. देवळाला दानपेटी आहे, भाड्याचे गाळे आहेत. रोजचा हार फुकट मिळायची सवय लागली म्हणून आज मुलाकडे अपेक्षेनं बघितलं जातंय. धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: देवळानं हार विकत घ्यावा, आणि मुलाकडूनच घ्यावा. वर्गणीचीही गरज नाही.

दुसरं, एवढ्या फुलांच्या निर्माल्याचं काय? नदीकाठी प्लास्टिकच्या पिशव्यांसकट फेकलेलं निर्माल्य मी रोज फिरायला जाताना बघतो.

कोरांटी
@गणिती, निर्माल्याचं बोललात तर अण्णांच्या दुकानामागे पत्र्याचे दोन पिंप असायचे. जुने हार परत आणून द्या म्हणायचे. दोरा, जर, थर्माकोल स्वतः बसून वेगळं काढायचे आणि उरलेलं खत म्हणून कुंड्यांना. त्यांच्या हारात जर क्वचितच असायची, मागितली तरच. प्लास्टिकची फुलं दुकानात कधीच ठेवली नाहीत. गेल्या काही वर्षांत शेजारच्या दुकानांत त्या माळा लटकू लागल्या तेव्हा त्यांना त्याचा फार त्रास व्हायचा. शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे हो, म्हणायचे.

अनुराधा_क
मी त्याच गल्लीतली, आता पिंपरीला असते. अण्णांबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते.

तो तुळशीचा हार अण्णा देवळात न्यायचे. करायचं कोण? बहुतेक दिवस आक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी. मी शाळेत जाताना बघायचे. तुळशीच्या मंजिऱ्यांचे शेंडे खुडून सारख्या लांबीचे लावायचे, तीन-चार एकत्र धरायचे, देठं आत वळवायची आणि केळीच्या सोपाचा वेढा देऊन गाठ. मग पुढचा झुपका आधीच्या देठांवर झाकून बसवायचा. तुळशीला सुई लावायची नाही हा त्या घरचा नियम, म्हणून सगळं बांधायचं. एवढा लांब हार म्हणजे तासभर मान खाली. अण्णा बाजारात, नंतर काकड्याला, आणि आक्का पहाटेपासून पाटावर. पोरांचे डबे त्यातच. पुण्य अण्णांच्या नावावर जमा झालं आणि मानेचा पट्टा आक्कांना लागला. आठवणी लिहिताय तर त्यांच्याही लिहा.

नानापेठी
@अनुराधा_क, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पटलं.

दिवेघाट
@अनुराधा_क, थोडं जास्त कडक होतंय. त्या पिढीत नवरा-बायको मिळूनच धंदा करायचे. फुलांचं कुठलंही दुकान घ्या, बाई नसेल तर ते चालत नाही. आणि अण्णा घरातला माणूस होता. व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही, मुलींची लग्नं त्यांना विचारून केली.

अनुराधा_क
दुकान बाईशिवाय चालत नाही, हेच तर मी म्हणतेय.

न्यूजर्सीची_सुमा
माझी आठवण सांगते. माझं लग्न घरच्यांना मान्य नव्हतं. नोंदणी पद्धतीनं केलं, माहेरचं कुणी आलं नाही. आदल्या संध्याकाळी मैत्रीण अण्णांकडे दोन साधे हार सांगून आली. सकाळी निबंधक कार्यालयाच्या बाहेर बघते तर अण्णा स्वतः टोपली घेऊन उभे! निशिगंधाचे हार, मधे लाल गुलाबाची एक-एक लड, आणि माझ्यासाठी आबोलीची वेणी, जी आम्ही सांगितलीच नव्हती. "वेणी आक्कांनी दिलीय, माहेरची समज" म्हणाले. हारांचे पैसे मोजून घेतले, वेणीचे नाही. साक्षीदाराची तिसरी सही कमी पडत होती, ती त्यांनी केली. मराठीत, सावकाश, पूर्ण नाव.

इतका देवभोळा माणूस जातीबाहेरच्या लग्नाला उभा राहिला याचं माझ्या नवऱ्याला फार आश्चर्य वाटलं होतं. मला नाही वाटलं.

हणम्या
आता मला रडवलंत सुमाताई. वातावरण हलकं करण्यासाठी एक: निवडुंग्या विठोबाचा विषय निघालाच आहे तर पुण्यातल्या देवांची नावं घ्या. पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर. बाहेरगावचा पाहुणा पत्ता विचारताना घाबरतो!

बाराबंदी
खुन्या मुरलीधराचा पत्ता मी रिक्षावाल्याला विचारला होता. त्यानं आधी माझ्याकडेच संशयानं पाहिलं.

गणिती
अवांतर चालूच आहे तर, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम आलं आणि फुले हे नाव पडलं. 1886 मध्ये उभी राहिलेली आपली मंडई आधी रे मार्केट होती. तिच्या बांधकामावर एवढा पैसा घालण्याला ज्योतिरावांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं.

कोरांटी
अण्णांच्या दुकानात विठ्ठलाच्या शेजारी जोतिबा-सावित्रीबाईंची तसबीर होती. 11 एप्रिलला तिलाही हार असायचा, देवाच्या हाराएवढाच मोठा.

मृद्गंध
एक शंका. द्वादशीला तुळस तोडत नाहीत असं आमच्याकडे म्हणतात. मग रोजचा तुळशीहार कसा व्हायचा?

दिवेघाट
आदल्या दिवशी खुडून ठेवायचे, ओल्या फडक्यात. तुळस शिळी होत नाही असंही मानतात.

मृद्गंध
आमच्याकडे रविवारीही तोडत नाहीत. आणि गणपतीला तुळस वाहत नाहीत, फक्त भाद्रपद चतुर्थीच्या पूजेत चालते. प्रत्येक घराचं वेगळं.

नानापेठी
2020 चं लिहायचं राहिलं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, देवळांची दारं बंद, फूल बाजार बंद. पुजारी आत नित्यपूजा करत होते. अण्णांकडे तुळस कुठून येणार? ते तोंडाला पंचा बांधून आमच्या इमारतीखाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "तुमच्या कुंडीतले चार शेंडे द्या." गॅलऱ्यांतून दोरीनं टोपल्या खाली आल्या. एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या घरांतूनही आल्या. हार आखूड व्हायचा, कधी गळ्याभोवतीच बसेल एवढा, पण झाला. त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, देवळं उघडली तेव्हा अण्णा रांगेत सगळ्यांच्या मागे उभे होते. "मी रोज दारापर्यंत येत होतो, तुम्ही आला नव्हता, तुम्ही आधी जा," म्हणाले.

धंदा तेव्हा पूर्ण बसला होता, हे आम्हाला नंतर कळलं. दुकानाचं भाडं थकलं होतं.

आडत्या
बाजारातलंही थकलं होतं. त्यांनी एक-एक करून सगळं फेडलं. मागे कुणी लागलं नव्हतं.

अण्णांची_धाकटी
नमस्कार. दादानं धागा दाखवला म्हणून सभासद झाले. सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. सुमाताई, वेणी आईला आठवतेय. आबोली तेव्हा संपली होती म्हणे, शेजारच्या दुकानातून आणली होती.

अनुराधाताई, तुमचं लिहिणं वाचताना आई गप्प होती, मग म्हणाली, "बरोबर लिहिलंय पोरीनं." पण दोन गोष्टी तुम्हाला माहीत नसणार. आमच्याकडे हार ओवायला बायका यायच्या, त्यांना हारामागे मजुरी असायची. अण्णा आईचीही मजुरी त्याच दरानं वेगळी काढायचे आणि शनिवारी तिच्या हातात द्यायचे. ती पोस्टात आवर्ती ठेवीत भरायची. माझ्या नर्सिंगची फी त्यातून गेली. आणि देवळातला हार दुकानाच्या खात्यात फुकट लिहिलेला नसायचा. त्याची तुळस, सोप आणि आईची मजुरी अण्णा स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकायचे. चहा त्यांनी सोडला होता तो त्यासाठी. आम्हाला वाटायचं पित्तामुळे.

तरी मानेचं दुखणं खरं आहे. आणि आणखी एक खरं आहे. अण्णा हडपसरपर्यंत तरी चालायचे, आईला तेवढंही कधी जमलं नाही, कारण त्या दिवशी दुकान तिच्यावर असायचं. तिला वारीला जायचंय का, असं आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. परवा मी विचारलं. लगेच हो म्हणाली. या आषाढीला मी रजा काढून तिच्याबरोबर जाणार आहे. झेपेल तेवढं चालू, नाही तर दिंडीच्या गाडीत बसू, पण पंढरपूरपर्यंत.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर, दादा हार बंद करणार नाही. त्याला कुणी सांगितलं म्हणून नाही, त्याला स्वतःला तो द्यायचाय. देवळानं पैसे दिले तर तो घेणार नाही असं म्हणतो, मी म्हणते मजुरी तरी घे, ती बांधणाऱ्या बाईची आहे. हे आमच्यात अजून ठरायचंय. पण आई नसेल त्या दिवसांत हार कोण बांधणार हा खरा प्रश्न आहे. ओवणाऱ्या बायकांना सुईचा हार येतो, बांधायचा तुळशीहार आईशिवाय कुणाला नीट येत नाही. दादाचा फार सैल होतो, मूर्तीवर चढवला की निम्मे झुपके गळतात.

अनुराधा_क
मी येते शिकायला. आक्कांना विचारून वेळ सांग.

गणिती
मजुरी देवळानं द्यावी या मताशी सहमत. विश्वस्तांपैकी एक माझे वर्गमित्र आहेत, त्यांच्याशी बोलतो. आणि माझी बायको गजरे उत्तम बांधते, ती रविवारी यायला तयार आहे.

दिवेघाट
आक्कांना आमच्या दिंडीत घ्या. बायकांची तंबूची सोय वेगळी आहे, औषधाची पेटी असते आणि दिवे घाटात बसायला गाडी देतो. नाव आत्ताच टाकतो, जागा भरतात.

हणम्या
मला बांधता येणार नाही, पण शेंडे सारखे कापून देईन. आमच्या सोसायटीत तुळशीच्या भरपूर कुंड्या आहेत.

अण्णांची_धाकटी
आई म्हणते, रोज दुपारी तीननंतर दुकानात गर्दी नसते, तेव्हा या. येताना कात्री आणू नका, नखानं खुडायचं. सोप आदल्या रात्री भिजवून ठेवलेला असेल. आणि दिवेघाटकाका, दिंडीत नाव माझंही टाका.